पैनगंगेची सीमा आणि सावकाराची वही

हिंगोलीहून वाशीमला जाणारा माणूस कनेरगाव नाक्याच्या पुढे पैनगंगा ओलांडतो. नदीच्या दोन्ही अंगांना जमीन काळीच, पिके तीच, बोली तीच, आणि सोयरीकही या काठाची त्या काठाशी. नदी मध्ये पडते म्हणून मुलगी देण्याघेण्यात कोणी खोळंबला, असे आम्ही ऐकलेले नाही. तरीही १८५३ पासून १९५६ पर्यंत, म्हणजे एकशेतीन वर्षे, ही नदी दोन अंमलांमधली सीमा होती. अलीकडे हैदराबादचे राज्य आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाड. अलीकडे हाली सिक्का चाले, पलीकडे कळदार रुपया. सात हाली म्हणजे साधारण सहा कळदार हा हिशेब बाजाराला निघालेल्या बाईलाही तोंडपाठ करावा लागे. माल नेताना करोडगिरीचा नाका आडवा येई. पलीकडच्या कचेरीत कामकाज मराठीतून चाले, अलीकडच्या कचेरीतला कागद आधी फारशीत आणि पुढे उर्दूत लिहिलेला असे. ज्याच्या शेताचा तो कागद, त्याला तो वाचता येत नसे.

ही सीमा कोणी आखली? निसर्गाने आखली म्हणावे, तर अकबराच्या काळी पाथरी, वाशीम, माहूर आणि मेहकर ही सरकारे एकाच वऱ्हाड सुभ्यात मोडत होती. पैनगंगा तेव्हाही वाहत होती, पण ती सीमा नव्हती. लढाईने आखली म्हणावे, तर १८५३ साली येथे कोणतीही लढाई झाली नाही. श्रोतेहो, ही सीमा एका कर्जाने आखली. त्या कर्जाची वही हैदराबादेत उघडली गेली, तिच्यावर कलकत्त्यात मते पडली, तिच्यासाठी लंडनमध्ये भाषणे झाली, आणि तिची वसुली आमच्या गावांतून झाली. त्या वहीची हकीकत येथे सांगावयाची आहे.

आम्ही पदवीधर इतिहासकार नव्हे. आमचे आयुष्य हमाल, तोलणार आणि मजूर यांच्या संघटनेत गेले, आणि वाचन झाले ते कामाच्या सवडीने, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु या कामाने आम्हांला एक गोष्ट शिकविली. पैसा आणि सत्ता यांची गाठ कोठे पडते हे पाहावयाचे असेल, तर भाषणे आणि जाहीरनामे क्षणभर बाजूला ठेवावे, आणि वही कोणाच्या हातात आहे व ती पाहण्याचा हक्क कोणाला आहे, एवढे विचारावे. इतिहासालाही हाच प्रश्न विचारून पाहू.

प्रारंभ हैदराबादच्या थोडा आधी आणि थोडा दक्षिणेकडे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्काटचा नबाब महंमद अली हा कर्जात बुडाला होता. त्याचे सावकार कोण, तर मद्रासेतील ईस्ट इंडिया कंपनीचेच नोकर. दिवसा ज्यांनी नबाबावर कंपनीतर्फे दाब टाकावयाचा, त्यांनीच रात्री त्याला चढ्या व्याजाने पैसे द्यावयाचे, आणि वसुलीसाठी पुन्हा कंपनीचाच दाब वापरावयाचा, अशी ती रीत होती. त्या पैशाच्या जोरावर त्यांतले काही विलायतेत जाऊन पार्लमेंटात बसले. १७८५ साली एडमंड बर्क यांनी पार्लमेंटात या कर्जांवर प्रदीर्घ भाषण करून सांगितले की, सरकार ही कर्जे चौकशीशिवाय मान्य करीत आहे, कारण सावकारांची मते सरकारला हवी आहेत. भाषण गाजले, परंतु कर्जे मान्य झालीच. या प्रकाराची थोडी तरी शरम वाटून १७९७ साली कायदा झाला की, कोणाही ब्रिटिश प्रजाजनाने कंपनीच्या किंवा तिच्या गव्हर्नरांच्या संमतीवाचून हिंदी राजांना कर्ज देऊ नये.

कायदा चांगला होता, पण त्यात ‘संमतीवाचून’ हा एक शब्द होता. गरिबाला कायद्याची भिंत दिसते आणि श्रीमंताला तिच्यातला दरवाजा, असे म्हणतात. त्या दरवाजातून जे घराणे आत आले, त्याचे नाव पामर आणि कंपनी.

विल्यम पामर हे जनरल पामर यांचे चिरंजीव. जनरल पामर हे पेशव्यांच्या दरबारी पुण्याला रेसिडेंट होते, आणि विल्यम यांच्या मातोश्री हिंदी बेगम होत्या. विल्यम यांनी प्रथम निजामाच्या फौजेत नोकरी केली, आणि पुढे १८१४ च्या सुमारास हैदराबादेत पेढी काढली. गुजराती सावकार बंकटीदास त्यांचे भागीदार होते. पेढीचे खरे भाग्य मात्र उजळले ते सर विल्यम रंबोल्ड भागीदार झाले तेव्हा. या रंबोल्ड यांची पत्नी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या पालकत्वाखाली वाढलेली होती, आणि लॉर्डसाहेबांना ती मुलीसारखी होती. १८१६ साली गव्हर्नर जनरलच्या सरकारने या पेढीला १७९७ च्या कायद्यातून सूट देणारा परवाना दिला. ज्या कायद्याने सर्वांना बंदी, त्याच कायद्याने एकाला मोकळीक. बंदी जितकी कडक, तितकी त्या मोकळिकीची किंमत मोठी.

आता ही पेढी कर्ज कशासाठी देत होती ते पाहू, कारण येथे आमच्या हिंगोलीचा संबंध येतो. हैदराबादेत १८१३ साली रेसिडेंट हेन्री रसेल यांनी निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, शिस्तीच्या पलटणी उभ्या केल्या. औरंगाबाद आणि वऱ्हाडकडील फौजही याच धर्तीवर बांधली गेली. पुढे या सर्व फौजेला हैदराबाद कंटिंजंट हे नाव पडले. बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, आणि हिंगोली ही तिच्या छावण्यांची ठाणी. फौजेचा वार्षिक खर्च चाळीस लाखांच्या घरात गेला. अधिकाऱ्यांचे पगार भरघोस होते, आणि त्यांच्यातच एक थट्टा रूढ होती की, बिचारा निजाम सगळ्यांचे देतो. ही फौज कामाची नव्हती असे नाही. १८१९ च्या जानेवारीत हटकर नाईक नोवसाजी यांची नोव्हाची गढी हिनेच वेढा घालून पाडली. परंतु निजामाच्या खजिन्यातून पगार घेणारी ही फौज निजामाच्या हुकमात नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

फौजेचा पगार वेळेवर झाला पाहिजे ही इंग्रजांची अट, आणि दरबाराचा खजिना तर रिकामा. दिवाणगिरीचा खरा कारभार त्या काळी राजा चंदूलाल यांच्या हाती होता. तेव्हा तोड निघाली ती अशी: पामर कंपनीने औरंगाबाद व वऱ्हाडकडील फौजेच्या पगारासाठी दरमहा दोन लाख रुपये द्यावयाचे, आणि त्याच्या तारणादाखल दरबाराने वर्षाला तीस लाखांच्या महसुलाच्या वराती पेढीच्या नावे काढावयाच्या. दरमहा दोन लाख म्हणजे वर्षाचे चोवीस लाख, आणि वराती तीस लाखांच्या. तीही रक्कम वर्षाच्या आरंभी एकदम द्यावयाची नव्हती, महिन्यामहिन्याने द्यावयाची होती. पेढीच्या व्याजाचा दर शेकडा चोवीस-पंचवीसच्या घरात होता.

वरात म्हणजे काय, हे आमच्या म्हाताऱ्यांना सांगावे लागले नसते. सरकारने सावकाराला लिहून दिलेली चिठ्ठी की, अमुक परगण्याचा वसूल तू परस्पर घे. त्या परगण्यात अगोदरच इजाऱ्याची पद्धत. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला तालुका मिळावयाचा, आणि उद्या दुसऱ्याने चढी बोली लावली तर पहिल्याची उचलबांगडी व्हावयाची. अशा इजारदाराला पुढच्या वर्षाची चिंता कशाला? तो यंदाच पिळून घेई. म्हणजे छावणीतल्या शिपायाचा पगार महिन्याच्या महिन्याला होत होता, पेढीचे व्याज बिनचूक चढत होते, आणि या दोहोंचा भार, ज्याने कर्ज मागितले नाही, घेतले नाही आणि पाहिलेही नाही, त्या कुणब्याच्या खळ्यावर पडत होता. कर्ज राजाचे आणि फेड रयतेची, ही या हकीकतीची पहिली कळ.

१८२० साली पेढीने साठ लाखांचे नवे कर्ज देण्यास परवानगी मागितली. कारण मोठे गोड दिले होते. जुनी महागडी देणी फेडावयाची, शेतकऱ्यांना तगाई द्यावयाची, राज्यकारभार सुधारावयाचा. कलकत्त्याच्या कौन्सिलात मते समसमान पडली. स्टुअर्ट आणि ॲडम हे दोन सभासद विरुद्ध गेले. तेव्हा लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी अध्यक्ष या नात्याने आपले निर्णायक मत टाकून मंजुरी दिली. ज्या घरात आपली मानलेली मुलगी दिली, त्या घराच्या लाभाचा प्रश्न समोर असता मत देऊ नये, ही गोष्ट आमच्या खेड्यातल्या पंचालाही कळते. पंच नातेवाईक निघाला तर तो पारावरून उठतो. येथे पंच उठला नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस रसेल यांच्या जागी चार्ल्स मेटकाफ हे रेसिडेंट म्हणून हैदराबादेस आले. मेटकाफ हे साम्राज्याचेच सेवक, निजामाचे किंवा रयतेचे कैवारी म्हणून त्यांना पाठविले नव्हते. परंतु त्यांनी जिल्ह्यांत फिरून ओस पडलेली गावे पाहिली, आणि एक साधी गोष्ट केली. त्यांनी हिशेब मागितला. साठ लाख कोठे गेले, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तेव्हा असे दिसून आले की, साठ लाखांतला मोठा भाग म्हणजे जुन्याच येण्याची नव्या खात्यावर केलेली नोंद होती. एका पानावरचे देणे दुसऱ्या पानावर गेले होते, एवढेच. शिवाय त्यात आठ लाख रुपये भागीदारांना बक्षिसादाखल होते. आमच्याकडे जुने सावकार कर्ज देतानाच वर काही कापून घेत, त्याला मनोती म्हणत. ही आठ लाखांची मनोतीच होय. तगाईच्या नावाने काढलेले कर्ज कुणब्याच्या बैलापर्यंत पोहोचलेच नव्हते.

मेटकाफ यांनी सुचविले की, सरकारने स्वतः शेकडा सहा दराने निजामाला पैसे मिळवून द्यावे आणि पेढीचे देणे मिटवावे. चोवीसच्या जागी सहा. याहून सरळ सूचना कोणती? परंतु लॉर्ड हेस्टिंग्ज यांची मर्जी खप्पा झाली. आपल्या माणसावर आरोप म्हणजे आपल्यावर आरोप, असे त्यांनी मानले. ही दुसरी कळ. सत्तेच्या सावलीत वाढलेल्या सावकाराकडे हिशेब मागितला, की उत्तर सावकाराकडून येत नाही, सत्तेच्या रागाच्या रूपाने येते. हिशेब मागणाऱ्याच्या हेतूचीच चौकशी सुरू होते.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पामर यांचे म्हणणे असे की, हैदराबादेतले इतर सावकार त्यांच्यापेक्षाही चढे व्याज घेत, आणि दरबाराची पत पाहता धोका मोठा होता. विलायती कायद्यातील शेकडा बाराची मर्यादा निजामाच्या मुलखात लागू नाही, असा कायदेपंडितांचा अभिप्रायही त्यांच्याजवळ होता. हे सर्व खरे असू शकते. परंतु इतर सावकारांच्या पाठीशी रेसिडेन्सीचा दरारा नव्हता. दरबाराने त्यांना नकार दिला असता तर तो एका सावकाराला नकार ठरला असता. पामर कंपनीला नकार देणे म्हणजे कलकत्त्याला नकार देणे, असे चंदूलाल यांना वाटत होते. उधारीचा सौदा तेव्हाच सौदा असतो, जेव्हा दोन्ही बाजूंना नाही म्हणण्याची मोकळीक असते. धोक्यासाठी म्हणून चढे व्याज घ्यावयाचे, आणि सत्तेच्या बळावर धोकाच नाहीसा करावयाचा, हा व्यापार नव्हे.

शेवट कसा झाला? लंडनहून संचालकांचा हुकूम आला आणि परवाना रद्द झाला. लॉर्ड हेस्टिंग्ज १८२३ च्या जानेवारीत पद सोडून गेले. पेढीचे देणे फेडण्यासाठी मार्ग असा काढला: उत्तर सरकार या मुलखाबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाख रुपये पेशकश देत असे. ती कायमची सोडून देण्याच्या बदल्यात निजामाला शेकडा सहाच्या हिशेबाने एकरकमी १ कोटी १६ लाख ६६ हजारांहून अधिक रक्कम मिळाली, आणि तीतून पेढीचे देणे भागविले गेले. पुढल्याच वर्षी, १८२४ साली, पेढी बुडाली, आणि तिच्यात ज्यांनी विश्वासाने ठेवी ठेवल्या होत्या त्यांचे पैसे अडकले. १८२५ साली लंडनला कंपनीच्या भागीदारांच्या सभेत कित्येक दिवस वाद झाला. हेस्टिंग्ज यांचा हेतू भ्रष्ट नव्हता असे ठरले, आणि संचालकांची टीकाही योग्य असे ठरले. न्याय झाला असे म्हणावयाचे तर असा झाला. कोणी तुरुंगात गेले नाही. सात लाखांचे कायमचे उत्पन्न मात्र गेले, आणि ते ज्या राज्याचे गेले, त्याने ते भरून काढावयाचे कोणाकडून, हे सांगावयास नको.

पेढी गेली, पण ज्या फौजेसाठी कर्ज निघाले ती फौज राहिली. मेटकाफ यांनी गावांशी ठरावीक मुदतीची बोली करून इंग्रज देखरेख बसविली होती, तीही १८२९ साली नवे निजाम गादीवर आल्यावर संपली. फौजेचा पगार आता कंपनी आपल्या खजिन्यातून देई आणि निजामाच्या नावे मांडी. १८५३ पर्यंत ही बाकी पन्नास लाखांच्या आसपास गेली. लॉर्ड डलहौसी यांनी मागणी केली की, पैसे द्या नाही तर मुलूख द्या. आश्चर्याची गोष्ट अशी की, १८०० च्या तहाप्रमाणे निजामावर ही फौज शांततेच्या काळी पोसण्याचे बंधन नाही, हे डलहौसी यांनी आपल्या टिपणात स्वतःच मान्य केले होते. मूळ देणेच कायदेशीर नव्हते हे धनकोला ठाऊक होते, आणि तरी त्याने जप्ती आणली. २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेला. पैनगंगा सीमा झाली. वाशीम, पुसद, उमरखेड पलीकडे गेले. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव अलीकडे राहिले. आणि गंमत अशी की, ज्या फौजेपायी मुलूख गेला, तिची छावणी अलीकडे, आमच्याच गावात, राहिली.

१८५३ च्या तहात निजामाच्या बाजूची एक गोष्ट होती. ताब्यात दिलेल्या मुलखाचा जमाखर्च इंग्रजांनी दरसाल दाखवावा आणि शिल्लक परत करावी, असे ठरले होते. १८५७ च्या उठावात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे बक्षीस म्हणून १८६० साली नवा तह झाला. धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले, जवळजवळ पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. दरबारात आनंद झाला असेल. परंतु त्याच तहात एक कलम होते की, वऱ्हाडच्या मागील, चालू अथवा पुढील जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला आहे. शिल्लक राहिली तर देऊ, पण किती राहिली हे आम्ही सांगू.

श्रोतेहो, साऱ्या हकीकतीत आम्हांला हे कलम सर्वांत महत्त्वाचे वाटते. पन्नास लाख माफ करणे सोपे होते, हिशेब दाखविणे अवघड होते. सर सालारजंग यांच्यासारखा कर्तबगार दिवाण, ज्याने इजाऱ्याची पद्धत मोडली आणि जिल्हेबंदी घातली, तो पुढे आयुष्यभर वऱ्हाड परत मागत राहिला, १८७६ साली विलायतेसही जाऊन आला. काही उपयोग झाला नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी वर्षाला पंचवीस लाखांच्या खंडावर वऱ्हाड कायमचे घेतले. १९०३ मध्ये कंटिंजंट फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली, आणि हिंगोलीची छावणी उठली. फौज गेली, मुलूख परत आला नाही.

आमच्या म्हणण्याचा कोणी असा अर्थ घेऊ नये की, पलीकडे सारा अंधार आणि अलीकडे सारा उजेड होता. पलीकडे मोजणी झाली, रेल्वे आली, कापसाला भाव आला. १८८६ साली कारंजाला सरकारी नियमांखालचा बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला मानला जातो. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाही झाला. परंतु बाजार चालविणाऱ्या समितीत शेतकऱ्याचा प्रतिनिधी असावा, अशी तरतूद त्या कायद्यात नव्हती. समितीवर जोर व्यापाऱ्यांचा. काटा नियमाने बांधला, पण काट्यावर नजर ठेवणारा माणूस घेणाऱ्याच्याच बाजूचा. म्हणजे राज्य बदलले तरी वहीचा प्रश्न तसाच राहिला.

अलीकडची स्थिती तर अधिक बिकट. हैदराबाद राज्याचा सुमारे एक तृतीयांश भाग जहागिरींत अडकला होता, आणि निजामाच्या खाजगी खर्चाचा सर्फेखास मुलूख निराळा. मोठ्या जहागिरदारांची आणि पायगांची स्वतःची कोर्टे होती, स्वतःचे पोलीस होते. हैदराबादच्या दिवाणी मुलखात १९२१ साली न्यायखाते कारभारापासून वेगळे करण्यात आले, ही त्या काळी पुढारलेली गोष्ट होय. पण जहागिरीच्या गावात सारा घेणारा तोच, फिर्याद ऐकणारा तोच आणि निकाल देणाराही त्याचाच चाकर. अशा ठिकाणी न्याय महाग होता असे म्हणणेही चूक, तो विक्रीलाच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी राज्य मुक्त झाले. १९४९ साली सर्फेखास सरकारजमा झाला आणि जहागिऱ्या रद्द झाल्या. १९५० साली कुळकायदा आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ एकाच मुंबई राज्यात आले, आणि पैनगंगा पुन्हा नुसती नदी झाली.

मग ही जुनी हकीकत आज सांगण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, पामर कंपनीची वही लहान लहान आकारात अजून आमच्यात फिरते आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते. किती टन तोडले, किती कापले, किती फिटले, हे मुकादमाच्या वहीत असते. हंगाम संपतो तेव्हा उचल फिटलेली नसते, आणि पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जावे लागते. वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली कायदा झाला हे खरे, पण वही हातात नसलेल्याला आपण वेठीला आहोत की नोकरीला, हेच सिद्ध करता येत नाही. हळदीच्या बाजारात शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते, तिच्यात हमाली, तोलाई आणि इतर वजावट कशी मांडली आहे, ते तो वाचण्यापूर्वीच गाडी सुटण्याची वेळ झालेली असते.

आमच्या कामातला एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. संघटनेच्या पहिल्या वर्षांत एका अडतीच्या दुकानी हमालांनी वर्षाअखेरीस हमालीचा हिशेब मागितला. दुकानदार भला गृहस्थ होता. त्याने दिवाळीसाठी सर्वांना कापड देऊ केले. आजारी हमालाच्या औषधाचा खर्च देऊ केला. मजुरी थोडी वाढवून देण्याचीही त्याची तयारी होती. एवढे सर्व द्यावयास तो राजी, फक्त वही दाखवावयास राजी नव्हता. आमच्यातल्या कित्येकांना वाटले की, कापड घ्यावे आणि विषय संपवावा. तेव्हा एक वयोवृद्ध हमाल म्हणाले, “तो कापड देतो ते त्याच्या मनाचं. वही दाखवंल ते आपल्या हक्काचं. मन उद्या बदलंल.” पुढे रोजच्या रोज पोत्यांची चिठ्ठी मिळू लागली, आणि मग मजुरीचे भांडण निम्मे उरले. १८६० च्या तहातली माफी आणि या दुकानातले कापड, यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

म्हणूनच या देशातल्या कष्टकऱ्यांनी मिळविलेले चांगले कायदे पाहिले, तर त्यांच्या मुळाशी बहुधा वहीचा हक्क सापडतो. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमालांसाठी कायदा झाला, त्याने मजुरीची नोंद मालकाच्या मर्जीतून काढून मंडळाच्या खात्यात आणली. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचा कायदा १९७७ साली आला, आणि हजेरीपटावरचे नाव खरे की खोटे हा गावोगाव भांडणाचा विषय झाला. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया भरवून हजेरीपट भर चावडीवर मोठ्याने वाचले, तेव्हा मेलेल्या माणसांची नावेही मजुरीवर लागलेली निघाली. त्याच हालचालीतून पुढे माहितीचा अधिकार आला. महाराष्ट्रात तो २००२ साली आणि सबंध देशात २००५ साली. मेटकाफ यांना जो प्रश्न विचारण्यासाठी रेसिडेंट व्हावे लागले, तो आता दहा रुपयांचे तिकीट लावून कोणीही विचारू शकतो, हे लहान परिवर्तन नव्हे.

आणि जे शेतात आणि बाजारात, तेच राजकारणात. २०१८ साली निवडणूक रोख्यांची योजना सुरू झाली. पक्षाला पैसा कोणी दिला, हे मतदाराला कळू नये अशी तिची रचना होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती योजना घटनाबाह्य ठरविली, आणि पक्षांना पैसा कोठून येतो हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, असे सांगितले. पैसा देणारा आणि परवाना देणारा यांच्यातले नाते झाकलेले असावे की उघडे, हाच १८१६ चाही प्रश्न होता. त्या वेळी तो विचारण्याचा हक्क रयतेला नव्हता.

कोणी म्हणेल, हिशेब कळून काय होते? श्रीमंत श्रीमंतच राहतो. हा आक्षेप पोकळ नाही. वही उघडल्याने पोते हलके होत नाही, आणि मेटकाफ यांनी वही उघडल्यानंतरही फेड रयतेनेच केली. कळणे ही पहिली पायरी आहे. दुसरी पायरी ज्यांना कळले त्यांनी एकत्र येण्याची. मेटकाफ एकटे होते, आणि त्यांच्या मागे उभी राहू शकणारी रयत कोणी संघटित केलेली नव्हती. म्हणून त्यांची चौकशी एका पेढीपुरती राहिली, आणि त्याच फौजेचे दुसरे कर्ज तीस वर्षांनी सबंध मुलूख घेऊन गेले.

आणि हा नियम फक्त वरच्यांना लावून भागणार नाही. आमच्या संघटनांच्या वर्गणीच्या वह्या, गावच्या सहकारी सोसायटीचे कीर्दपुस्तक, देवस्थानाचा आणि उत्सवाचा जमाखर्च, हेही वर्षातून एकदा पारावर मोठ्याने वाचले जावेत. जो स्वतःची वही उघडी ठेवतो, त्यालाच दुसऱ्याची मागण्याचे तोंड राहते. पैनगंगेवरून पुन्हा कधी जाल, तेव्हा तिच्याकडे क्षणभर पाहा. ज्याला हिशेब विचारता आला नाही अशा एका राज्याने तिला शंभर वर्षे सीमा करून ठेविले होते. आपल्या गावात, आपल्या बाजारात, कोणती नदी अशी सीमा झालेली आहे, ते ज्याचे त्याने पाहावे, आणि तिच्या काठावर उभे राहून पहिला प्रश्न विचारावा की, वही कोठे आहे?